गाडी लागणाऱ्या अख्ख्या घराला एकच गोळी?

पत्र:
«पुढच्या महिन्यात आम्ही घरचे सहा जण सहलीला निघालो आहोत. आधी पाच तास गाडी, त्यात मोठा घाट, आणि पुढे बोट. गाडी लागणं आमच्याकडे रक्तातच आहे. मला लागते, माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला माझ्याहून जास्त. मागे तिला पोटाचा संसर्ग झाला होता तेव्हा डॉक्टरांनी जिभेवर विरघळणारी ऑन्डॅन्सेट्रॉन दिली, एका गोळीत उलट्या थांबल्या. उरलेल्यांतली एक गोळी गेल्या सहलीत तिला घाटाआधी दिली, तर काडीचा फरक पडला नाही. डोस कमी पडला का? या वेळी दुप्पट देऊ? सासऱ्यांची मला काळजी नाही. ते ७४ वर्षांचे आहेत, प्रोस्टेटचा त्रास आहे, पण चक्कर येते म्हणून कुणीतरी लिहून दिलेली सिनारिझिन ते दीड वर्ष रोज घेतात, आणि ती गाडी लागण्यावरही चालते असं ऐकलंय. हल्ली त्यांचा हात थरथरतो, चालणं मंदावलंय, ते वयामुळे असेल. धाकट्या जावेला दिवस गेलेत, नववा आठवडा आहे. यजमान गाडी चालवतात, पण मागे बसले की त्यांनाही मळमळतं. सगळ्यांना चालेल अशी एकच गोळी सांगाल का?»
– औषधांची पिशवी सांभाळणारी

प्रिय ताई,

«सासऱ्यांची मला काळजी नाही» हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या सहा जणांत मला काळजी वाटते ती त्यांचीच. म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करते, लेकीच्या घाटावर नंतर येऊ.

सिनारिझिन हे काही वाईट औषध नाही. प्रवासाच्या दोन तास आधी घेतली तर गाडी लागण्यावर ती खरोखरच चालते. पण रोज, वर्ष-दीड वर्ष घेत राहायची ही गोळी नव्हे. मेंदूतलं डोपामिन हे रसायन आपल्या हालचाली सुरळीत ठेवतं. सिनारिझिन दीर्घकाळ पोटात जात राहिली की ती या डोपामिनच्या कामात आडवी येते आणि म्हातारपणी हा धोका जास्त असतो. मग हात थरथरतो, अंग आखडतं, पावलं छोटी पडू लागतात, चेहरा निर्विकार दिसतो. म्हणजे हुबेहूब पार्किन्सनचा आजार. घरचे म्हणतात वय झालं, आणि एखादे नवे डॉक्टर, जुन्या गोळीचं नाव त्यांना कुणी सांगितलंच नाही तर, कंपासाठी आणखी एक गोळी सुरू करतात. एका औषधाचा परिणाम दुसऱ्या औषधाने झाकण्याचा हा प्रकार इतका सर्रास घडतो की थरथरणारा हात घेऊन कुणी आलं की मी आधी गोळ्यांची पिशवी टेबलावर उपडी करायला सांगते.

गोळीमुळे आलेला कंप गोळी थांबवल्यावर बहुतेकांमध्ये ओसरतो. त्याला आठवडे लागतात, कधी महिनेही. काहींचा ओसरत नाही, कारण पार्किन्सनची सुरुवात आतून झालेलीच असते आणि गोळीमुळे ती फक्त लवकर उघडी पडते. सासऱ्यांचं यातलं काय आहे हे पत्रावरून ठरवता येणार नाही. त्यासाठी त्यांना तपासावंच लागेल. तेव्हा सहलीची वाट न बघता याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. सगळी पाकिटं बरोबर घ्या आणि दोन प्रश्न नेमके विचारा: ही गोळी किती दिवसांसाठी होती, आणि चक्कर नक्की कशाची होती? आतल्या कानातले बारीक खडे जागचे हलल्यामुळे येणारी चक्कर डोकं ठरावीक पद्धतीने वळवून घालवता येते, तिला दीड वर्षाची गोळी लागत नाही. शिवाय कानाचा तोल बिघडला तर मेंदू हळूहळू स्वतःला सावरून घेत असतो. चक्कर दाबणारी औषधं फार दिवस चालू ठेवली तर ते सावरणंच लांबतं.

त्यांच्या बाबतीत आणखी एक. गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्या प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवू शकतात. रात्री-अपरात्री, अनोळखी ठिकाणी लघवी तुंबणं ही काय वेदना असते ते त्यातून गेलेल्यालाच विचारा. याच गोळ्यांनी वयस्कर माणसं गोंधळतात, अडखळून पडतात. आणि खरं सांगू का, सासऱ्यांना गाडी लागते असं तुम्ही कुठे लिहिलेलंच नाही! वय वाढतं तसं गाडी लागणं बहुधा कमी होत जातं. त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटीची कुठलीही गोळी देऊ नका.

आता लेक. डोस कमी पडला नव्हता. औषधच त्या उलटीचं नव्हतं.

उलटीचा हुकूम सुटतो मेंदूच्या देठातून, पण तिथे वर्दी देणारे बरेच जण आहेत. आतड्याला जंतूंनी किंवा एखाद्या औषधाने इजा केली की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात आणि पोटापासून मेंदूपर्यंत गेलेली व्हेगस नावाची नस ती बातमी वर पोचवते. ऑन्डॅन्सेट्रॉन नेमकं हे सेरोटोनिन अडवते. १९९१ साली ती अमेरिकेत बाजारात आली ती कर्करोगाच्या केमोथेरपीने होणाऱ्या उलट्यांसाठी. त्याआधी केमोचे काही रुग्ण उलट्यांना कंटाळून उपचार अर्धवट सोडत असत, इतका तो छळ होता. पोटाच्या संसर्गात मुलांना डॉक्टर तिचा एखादा डोस देतात, कारण त्यामुळे पाणी पोटात टिकतं आणि बऱ्याच जणांची सलाईन टळते. तुमच्या लेकीला तेव्हा गुण आला तो याचमुळे.

घाटात मात्र पोट बिचारं निर्दोष असतं. तिथे वर्दी येते आतल्या कानातून. कान सांगतो की आपण वळतोय, हेलकावतोय. पुस्तकात किंवा मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. हा मेळ बसला नाही की मळमळ सुरू होते. ज्यांच्या आतल्या कानाचं तोल सांभाळणारं यंत्र पूर्ण निकामी झालेलं असतं, त्यांना गाडी लागतच नाही. या वाटेवर हिस्टामिन आणि ॲसिटिलकोलिन ही रसायनं काम करतात. सेरोटोनिन अडवून इथे काही साधत नाही. म्हणून दुप्पट गोळीचा विचार सोडून द्या. फायदा शून्य, वर डोकेदुखी, बद्धकोष्ठ, आणि मोठ्या डोसात हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याची भीती. डॉमपेरिडोनचंही तेच. पोटासाठीची ती गोळी प्रवासात कितीतरी लोक विश्वासाने घेतात, गाडी लागण्यावर तिचा उपयोग नाही. आणि साठीपुढे तिच्यामुळे हृदयाच्या लयीचा धोका वाढतो.

गाडी लागण्यावर चालतात ती ॲलर्जीची जुनी, झापड आणणारी औषधं: डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन, सायक्लिझिन, आणि सासऱ्यांची सिनारिझिन. त्यांचा हा गुण कळला तोही अपघाताने. १९४७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात लेस्ली गे आणि पॉल कार्लिनर हे डॉक्टर डायमेनहायड्रिनेट हे नवं औषध ॲलर्जीवर तपासत होते. अंगावर पित्त उठणारी एक बाई ते घेत होती. तिला जन्मभर गाडी लागायची. गोळी घेऊन ट्रामने आलं की मळमळत नाही, असं तिनेच येऊन सांगितलं. डॉक्टरांनी गुपचूप नुसती साखरेची गोळी देऊन पाहिली, तर मळमळ परत हजर. पुढे १९४८च्या अखेरीस अमेरिकी सैनिकांना जर्मनीकडे नेणाऱ्या जहाजावर त्यांनी मोठी चाचणी घेतली आणि औषध सिद्ध झालं. पुढे निघालेली, झोप न आणणारी ॲलर्जीची औषधं, उदाहरणार्थ फेक्सोफेनाडिन, इथे कामाची नाहीत. ती मेंदूत फारशी शिरत नाहीत, म्हणून झोप येत नाही आणि म्हणूनच मळमळही थांबत नाही. तेव्हा झोप न येणारी गोळी मागायला जाऊ नका.

यातली कुठली, यापेक्षा केव्हा घेतली हा प्रश्न मोठा आहे. डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी, मेक्लिझिन एक तास आधी, सिनारिझिन दोन तास आधी, प्रोमेथाझिन आदल्या रात्री किंवा निघण्याच्या तास-दीड तास आधी. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी पुढे आतड्यात सरकतच नाही, आणि मग तीही उलटीबरोबर बाहेर पडते. पहिल्या वळणावर पर्स उघडून गोळी शोधणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे.

नऊ वर्षांच्या मुलीसाठी यातली कोणती आणि किती, हे तिचं वजन बघून तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. मी त्यांच्यासमोर डायमेनहायड्रिनेटचं नाव काढेन, कारण ती दोन वर्षांपुढच्या मुलांना देता येते. मेक्लिझिन साधारणपणे बारा वर्षांखाली देत नाहीत. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या बाळाला तर कधीच नाही, श्वास मंदावून बाळं दगावली आहेत. तुमच्या घरात इतकं लहान कुणी नाही, पण पिशवी तुमच्याकडे असते आणि सहलीत शेजारची आई हात पुढे करतेच, म्हणून सांगून ठेवलं. डॉक्टरांनी गोळी ठरवली की एखाद्या सुट्टीच्या संध्याकाळी ती घरीच देऊन बघायला हरकत आहे का, तेही त्यांनाच विचारा. काही मुलं या औषधाने झोपण्याऐवजी चेकाळतात, रडतात, उड्या मारतात. ते घरात कळलेलं बरं, बंद गाडीत पाच तास नको.

सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्ये अनेकदा याच जातीचं औषध असतं. दोन्ही एकदम दिलं तर डोस आपोआप दुप्पट होतो.

दुकानात कुणी मेटोक्लोप्रमाइड पुढे केली तर लेकीसाठी घेऊ नका. गाडी लागण्यावर तिचा उपयोग नाही, आणि लहान मुलांत व तरुणांत तिच्यामुळे अचानक मान पिळवटते, डोळे वर फिरतात, जबडा आवळतो. बघणाऱ्याला फिट आल्यासारखं वाटतं. त्यावर इंजेक्शन आहे आणि ते लवकर लागूही पडतं, पण घाटात ते द्यायला कोण येणार? सासऱ्यांनाही ती नकोच, थरथर वाढेल.

औषधाइतकाच फरक बसण्याच्या जागेने पडतो. दोन ते बारा वर्षांची मुलं गाडी लागण्यात सगळ्यांत पुढे, आणि त्यांनाच आपण मागे, खाली, काचेबाहेर काही दिसणार नाही असं बसवतो. लेकीला समोरचा रस्ता दिसेल अशी मागच्या सीटची मधली जागा द्या, पट्टा नीट लावून. तिची उंची कमी पडत असेल तर मुलांची उंच बैठक लावा. मोबाइल, पुस्तक बंद. डोकं टेकवून स्थिर, नजर लांबवर. पोट पूर्ण रिकामंही नको आणि तुडुंबही नको. आल्याचा थोडाफार उपयोग काहींना होतो, मनगटाच्या पट्ट्यांबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. तुम्हाला पट्टी बांधून बरं वाटत असेल तर बांधा, तिने नुकसान काही होत नाही.

तुमच्यासाठी गाडीत मेक्लिझिनसारखी गोळी पुरेशी व्हावी. बोटीचा प्रवास दिवसभराचा किंवा त्याहून मोठा असेल तर डॉक्टरांना हायोसिनच्या पॅचबद्दल विचारा. स्कोपोलामाइन म्हणतात ते हेच. कानामागच्या कोरड्या, केस नसलेल्या त्वचेवर तो निघण्याच्या किमान चार तास आधी लावायचा, तीन दिवस चालतो. कापून अर्धा करायचा नाही आणि एका वेळी एकच. लावल्यावर आणि काढल्यावर हात साबणाने धुवायचे. तसाच हात डोळ्याला लागला तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन अंधुक दिसतं, आणि माणूस घाबरून मेंदूचा फोटो काढायला धावतो. तोंड कोरडं पडणं ठरलेलं, झापडही येते. काचबिंदूचा एक प्रकार, ज्यात डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होणारा कोपरा अरुंद असतो, तो असलेल्यांनी हा पॅच लावूच नये. मुलांना नाही, सासऱ्यांना तर मुळीच नाही. कडक उन्हातही जपावं, कारण या औषधाने घाम कमी होतो आणि अंग तापू शकतं. सगळीकडे तो मिळतोच असं नाही. पण म्हणून दुकानदाराने हायोसिन बुटिलब्रोमाइडची गोळी दिली तर परत करा. नाव सारखं असलं तरी ते पोटातल्या कळांचं औषध आहे, मेंदूपर्यंत पोचत नाही, बोट लागण्यावर काही करत नाही. बोटीत मधल्या भागात, शक्यतो खालच्या डेकवर जागा घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. बरं वाटेनासं झालं तर वर मोकळ्यावर येऊन क्षितिजाकडे बघत राहा. गोळी किंवा पॅच घेतल्यावर मद्य नाही.

यजमानांचं एका ओळीत: गाडी चालवणाऱ्याला पुढचं वळण आधीच कळत असतं, म्हणून त्याला गाडी सहसा लागत नाही. त्यांनी चालवायच्या दिवशी यातलं काहीही घ्यायचं नाही, आणि प्रोमेथाझिनची झापड दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळते म्हणून ती आदल्या रात्रीही नाही.

राहिली जाऊबाई. नवव्या आठवड्यात मळमळ ऐन भरात असते, त्यात गाडी म्हणजे दुहेरी मार. या बाबतीत डॉक्टर इतके जपून का बोलतात त्यामागे कारण आहे. १९५७ ते १९६१ या काळात युरोपात थॅलिडोमाइड नावाचं औषध गरोदरपणातल्या मळमळीवरही सर्रास दिलं गेलं, आणि हजारो बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली, म्हणून तिथे ते तेव्हा विक्रीला आलंच नाही. त्या धसक्याचा फटका पुढे एका चांगल्या औषधालाही बसला. डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६ जीवनसत्त्व, यांची एकत्र गोळी १९८३ साली कंपनीने अमेरिकेतून मागे घेतली. खटल्यांचा खर्च झेपेना, एवढंच कारण होतं, बाळांना अपाय होतो असं कधी सिद्ध झालं नाही. २०१३ साली तीच जोडी नव्या नावाने तिथे परतली, आणि आज गरोदरपणातल्या मळमळीत आधी तिचाच विचार होतो. जाऊबाईंनी त्यांच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना हिच्याबद्दल विचारावं. तुमच्या पाकिटातली ऑन्डॅन्सेट्रॉन त्यांना परस्पर देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत ती घेतलेल्या मातांमध्ये दर १०,००० बाळांमागे सुमारे तीन बाळं ओठ किंवा टाळू दुभंगलेली अशी जास्त आढळली आहेत. धोका छोटा आहे, आणि इतर औषधं हरली की डॉक्टर तो तोलून ती देतातही, पण ते तोलणं त्यांनी करायचं. पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, वजन उतरत असेल, तर ती नेहमीची मळमळ राहिली नाही. तेव्हा सहल बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

ऑन्डॅन्सेट्रॉनचं ते उरलेलं पाकीट पिशवीत राहू द्या, पण त्यावर «पोटाच्या संसर्गासाठी, डॉक्टरांना फोन करून» असं पेनाने लिहून ठेवा. सहलीत कुणाचं पोट बिघडलंच तर गोळीच्या आधी जलसंजीवनी. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा पाजा. तहान लागली म्हणून लेक ग्लास तोंडाला लावेल, तो काढून घ्या. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही दिसलं, उलटी हिरवी झाली, पोटात असह्य दुखलं, डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या सुरू झाल्या, उलटीबरोबर छातीत दुखलं, मान ताठ होऊन ताप आला, किंवा लेकीला सात-आठ तास लघवीच झाली नाही, तर पिशवीत काय आहे ते शोधत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

आणि सासऱ्यांची वेळ आजच घेऊन टाका.